माळरान, माळढोक आणि शाळा
(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यास-शिबिरातील व्याख्यान)



एक प्रसंग कल्पावा. सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यातील एक गाव आहे. जूनचा आरंभ झाला आहे. शाळेला शंभर रोपे मिळाली आहेत आणि ती लावून घेतल्याचा अहवाल आठवड्याभरात पाठवावयाचा आहे. शाळेच्या आवारात दहा-पंधरा रोपांपलीकडे जागा नाही. गावाच्या उत्तरेस मोठा माळ आहे. तो कोणी नांगरीत नाही, तेथे पीक नाही, सावली नाही. गुरुजी मुलांना कुदळी-फावडी देऊन माळावर नेतात. खड्डे खणण्यास आरंभ होतो, तोच पाचवीतला एक धनगराचा मुलगा विचारतो, “गुरुजी, इथं झाडं झाली तर मेंढरं कुठं न्यायची?”

हा प्रश्न अज्ञानाचा नाही. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ‘परिस्थितिविज्ञान’ या नावाने जे शास्त्र उभे राहिले, त्याच्या अगदी मुळाशी हाच प्रश्न आहे: एखाद्या जागी एक वस्तू बदलली असता तेथे राहणाऱ्या बाकीच्यांचे काय होते? एर्न्स्ट हेकेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली ह्या शास्त्राला नाव दिले, ते ‘घर’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढे १९३५ साली आर्थर टॅन्स्ली ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने एका जागेतील सर्व सजीव आणि तेथील माती, पाणी, हवा व ऊन ह्या सर्वांना मिळून एक संज्ञा दिली. तिला मराठीत ‘परिसंस्था’ म्हणतात. नावे विद्यार्थ्यांनी पाठ केलीच पाहिजेत असे नाही. परंतु माळ हे कोणाचे तरी घर आहे, ही कल्पना मात्र त्यांच्या मनात रुजली पाहिजे. कारण नेमकी तीच कल्पना मोठ्यांच्या व्यवहारात नाही.

ती नसण्यास कागदही कारणीभूत आहेत. सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाखाली न येणाऱ्या जमिनीची नोंद ‘पोटखराब’ म्हणून होते. बोलण्यात माळाला ‘पडीक’ म्हणतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपे व गवत असलेल्या विस्तीर्ण जमिनी पडीक ह्याच सदरात घातलेल्या आहेत. महसुलाच्या दृष्टीने ह्या शब्दांना अर्थ आहे. जिच्यापासून सारा येत नाही ती जमीन सरकारी दफ्तराला रिकामीच वाटणार. पण दफ्तरातला शब्द हळूहळू डोळ्यांत उतरतो, आणि मग जे दफ्तरात रिकामे आहे ते प्रत्यक्षातही रिकामे दिसू लागते.

माळ रिकामा आहे काय, ह्याची परीक्षा करणे अवघड नाही. पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, गवताला तुरे आलेले असताना तेथे जावे. जमीन उथळ व मुरमाड असते. कित्येक ठिकाणी वीतभर मातीखाली खडक लागतो. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. अशा जागी घनदाट अरण्य होत नाही. तेथे कुसळी, पवना, मारवेल अशी गवते होतात, आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर असे एखादे काटेरी झाड उभे असते. हे सर्व माणसाने जंगल तोडल्यामुळे झालेले ओसाडपण आहे, असे पुष्कळांना वाटते, आणि काही ठिकाणी ते खरेही असेल. परंतु दख्खनच्या पठारावरील माळराने फार जुनी आहेत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर ह्याचा पुरावा म्हणून जुने मराठी वाङ्मय व मौखिक परंपरा ह्यांचाच आधार घेतलेला आहे: सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीपासूनच्या ह्या वाङ्मयात ह्या प्रदेशाचे जे उल्लेख येतात, ते मोकळ्या गवताळ रानाचे व काटेरी झाडांचे आहेत. मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाला हे वाचून गंमत वाटेल. जुनी पोथी वनस्पतिशास्त्राच्याही कामी येते!

गवत आणि झाड ह्यांच्यातला एक भेद मुलांना आवर्जून दाखवावा. झाडाचा कोंभ शेंड्याला असतो. रोपट्याचा शेंडा शेळीने खाल्ला की त्याची वाढ खुंटते. गवताचा वाढणारा भाग बुडाशी, जमिनीलगत असतो. म्हणून मेंढराने वरची पाती खाल्ली तरी गवत पुन्हा फुटते. वणवा वरून निघून गेला, उन्हाळ्याने पार वाळून गेले, तरी पहिल्या सरीबरोबर ते हिरवे होते. त्याचा बराच मोठा भाग मुळांच्या रूपाने जमिनीखाली असतो. ही मुळे मातीला धरून ठेवतात आणि पडणारे पाणी मुरू देतात. जुनी कुजतात, नवी येतात, आणि वर्षानुवर्षे जमिनीत सेंद्रिय द्रव्याची भर पडत जाते. वरून पाहणाऱ्याला माळावर काही दिसत नाही, ह्याचे एक कारण असे की तेथील ठेव तळघरात आहे.

ह्या गवतावर कोण जगते? प्रथम नाकतोडे, टोळ, भुंगेरे, वाळवी, शेणकिडे. त्यांच्यावर चंडोल, धाविक, माळटिटवी, सरडे. बिया टिपणारे लावे व तितर. पाला खाणारे ससे व काळवीट. आणि ह्या सर्वांवर खोकड, लांडगा, घोरपड, ससाणे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून ‘भोवत्या’ नावाचे शिकारी पक्षी हजारो मैलांवरून ह्या माळांवर उतरतात व दिवसभर गवतावरून खालून खालून उडत टोळ टिपतात. रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात. ज्या माळाला गावात पडीक म्हणतात, त्याच्यासाठी एवढ्या लांबून पाहुणे येतात.

पाठ्यपुस्तकात ‘अन्नसाखळी’ हा शब्द येतो व फळ्यावर गवत, टोळ, सरडा, घार अशी एक रेघ काढली जाते. साखळीपेक्षा जाळे ही उपमा अधिक खरी आहे, कारण खोकड उंदीर खाते, टोळही खाते आणि बोरेही खाते. तथापि साखळीच्या चित्रावरून एक गोष्ट चांगली समजते. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना अन्नातील ऊर्जेचा फार मोठा भाग चालण्या-फिरण्यात व श्वासोच्छ्वासात खर्च होतो. ढोबळ मानाने दहावा हिस्सा पुढे पोहोचतो. हजार भाग गवतातून शंभर भाग टोळ, शंभरातून दहा भाग सरडे, दहांतून एक भाग ससाणा. म्हणूनच माळावर टोळ अगणित असतात आणि ससाणा एखादाच. वरच्या पायरीवरील प्राण्याला म्हणून जागा पुष्कळ लागते. माळ निम्मा झाला म्हणजे टोळ निम्मे होतील, पण ससाण्याच्या जोडीचे अर्धे होऊ शकत नाही. ती जोडी तेथून जाते.

ह्या जाळ्यात माणूसही आहे. मेंढपाळ धनगर शतकानुशतके ह्या माळांवरून मेंढरे घेऊन हिंडत आले आहेत. पीक निघाल्यावर ते शेतात मेंढरे बसवितात, शेताला खत मिळते, त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने मिळतो. त्यांच्या कळपाच्या मागे लांडगा असतो आणि अधूनमधून एखादे कोकरू नेतो. नुकसान खरे आहे आणि ते गरिबाचे आहे. ते लपविण्याचे कारण नाही. बेताची चराई गवताला मानवते. एकाच जागी, वर्षभर, क्षमतेहून अधिक जनावरे चारली तर चांगली गवते संपून निरुपयोगी तण माजते. म्हणजे चराई वाईट की चांगली, हा प्रश्न तसा विचारताच येत नाही. किती, केव्हा व कोठे, हे विचारावे लागते. निसर्गशास्त्रातील बहुतेक प्रश्नांचे असेच असते, आणि घोषवाक्ये लिहिताना नेमके तेच विसरले जाते.

आता ह्या माळाच्या सर्वांत मोठ्या पक्ष्याकडे वळावे. माळढोक हा सुमारे मीटरभर उंचीचा पक्षी आहे. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते. मादी त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही हलकी असते. उडू शकणाऱ्या अतिशय जड पक्ष्यांत त्याची गणना होते. नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो. त्या आवाजावरूनच काही भागांत त्याला ‘हूम’ म्हणतात. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, ज्वारी-भुईमुगाचे दाणे असे तो मिळेल ते खातो. शेतकऱ्याशी त्याचे वैर नाही. टोळ खाणारा पक्षी शेताच्या कडेला असणे लाभाचेच आहे. १९६३ साली मोराला राष्ट्रीय पक्षी ठरविण्यात आले, त्यापूर्वी तो मान माळढोकाला द्यावा असे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली ह्यांचे मत होते.

१९६९ च्या सुमारास भारतात माळढोक सुमारे १,२६० असावेत असा अंदाज करण्यात आला होता. २०१८ च्या सुमारास हा अंदाज दीडशेवर आला, आणि त्यांतील बहुतेक सर्व राजस्थानातील जैसलमेरच्या बाजूस. महाराष्ट्रात सोलापूरजवळील नान्नजचा माळ ह्या पक्ष्यासाठी प्रसिद्ध होता. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथील संख्या एकेरी आकड्यावर आली. पुढे एखादा पक्षी दिसला तरी वृत्तपत्रात बातमी येऊ लागली.

असे का झाले? बंदुकीची शिकार हे जुने कारण. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला व माळढोकाला त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. शिकार कमी झाली, तरी पक्षी वाढले नाहीत. ह्याचे उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे, आणि ते सावकाश समजून घेण्यासारखे आहे.

माळढोकाची मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ते उबविते. अंडे कोल्ह्या-कुत्र्याच्या, कावळ्याच्या, घोरपडीच्या दृष्टीस पडू शकते; गुरांच्या पायाखाली जाऊ शकते. पिलू वर्षभर आईच्या आगेमागे असते, आणि मादी वयात येण्यास तीनेक वर्षे लागतात. चिमणीचे एक पीक बुडाले तर ती त्याच वर्षी दुसरे काढते. माळढोकाचे तसे नाही. त्याची सारी भिस्त, वाढलेला पक्षी पुष्कळ वर्षे जगेल आणि त्या वर्षांत दोन-चार पिले तरी तगतील, ह्यावर आहे.

हे गणिताच्या तासाला मांडता येते. समजा, एका माळावर १०० पक्षी आहेत, त्यांत ५० माद्या. त्यांपैकी ४० माद्यांनी एकेक अंडे घातले: ४० अंडी. निम्मी गेली: २० पिले. त्यांतली निम्मी वर्षभरात दगावली: १० उरली. म्हाताऱ्या-आजारी अशा ८ पक्ष्यांना नैसर्गिक मरण आले. वर्षाअखेर १०२. म्हणजे कळप तगून आहे. आता एवढाच फरक करावा, की आणखी ५ मोठे पक्षी अपघाताने मेले. वर्षाअखेर ९७. शेकडा तीन म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु ज्या मुलांना चक्रवाढ व्याज येते त्यांना हेच उलटे करण्यास सांगावे. दर वर्षी शेकडा तीन प्रमाणे घट होत गेली तर सुमारे २३ वर्षांत संख्या निम्मी होते, आणि आणखी २३ वर्षांत पाव. गावातील कोणाही एका माणसाला ह्यात एकदम काही घडल्यासारखे दिसत नाही. आजोबांनी तीस पक्षी पाहिलेले असतात, वडिलांनी दहा, मुलाने दोन. आणि प्रत्येकाला आपल्या लहानपणी होते तेच प्रमाण स्वाभाविक वाटते.

हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. परंतु त्यांतील ‘पाच’ काल्पनिक नाहीत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला समोरचे फारसे दिसत नाही, आणि अंग जड असल्यामुळे उडताना ऐन वेळी वळता येत नाही. वाळवंटात व माळांवर विजेच्या उच्चदाबाच्या तारा आल्या. तारांवर आपटून माळढोक मरतात, हे राजस्थानात वारंवार आढळून आले आहे. ह्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातील तारा भूमिगत करण्याविषयी आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण त्या तारा मुख्यतः सौर व पवनऊर्जेच्या होत्या आणि हवामान-बदलापासून संरक्षण हाही नागरिकांचा हक्क आहे असे न्यायालयाने मानले. येथे चांगल्याचा वाइटाशी झगडा नाही. एका चांगल्याचा दुसऱ्या चांगल्याशी आहे. वरच्या वर्गातील मुलांनी ह्यावर दोन्ही बाजूंनी बोलावे. पाठ केलेल्या भाषणापेक्षा अशा वादविवादात बुद्धीला अधिक काम पडते.

संख्या फार थोडी उरली की आणखी एक संकट उभे राहते. शंभर पक्ष्यांत एखाद्या वर्षी सारी पिले नर निघाली, असे होत नाही. सहा पक्ष्यांत ते सहज होते. शंभरांत एका वादळाने पाच मेले तरी पंचाण्णव राहतात. सहांत पाच मेले तर शेवट होतो. शिवाय थोड्यांतल्या थोड्यांत संबंध होत गेल्याने पिढी दुबळी होत जाते. जीवसंवर्धनाच्या शास्त्रात ह्याला भोवऱ्याची उपमा देतात: कडेला असताना पोहून बाहेर येता येते, आत ओढले गेल्यावर तेवढेच हातपाय मारून भागत नाही. म्हणूनच जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून रानातील काही अंडी गोळा करून ती यंत्रात उबविण्याचे व पिले वाढविण्याचे काम हाती घेण्यात आले. २०२५ पर्यंत तेथे पन्नासहून अधिक पक्षी झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने एक पिलूही जन्मास आले. काम मोठे आहे. परंतु माणसाच्या हातचे खाऊन वाढलेले पक्षी उद्या सोडावयाचे तर सोडणार कोठे? माळ पाहिजेच.

माळ राखावा कसा, ह्याचा अनुभवही ह्या देशाने घेतलेला आहे, आणि तो सगळाच सुखाचा नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे गावेच्या गावे, शेते, रस्ते, बाजारपेठा सर्व त्यात आली. प्रत्यक्षात पक्ष्याच्या उपयोगाचा माळ त्यात तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. जमिनीच्या व्यवहारावर आणि बांधकामावर बंधने आली तेव्हा लोकांना पक्षी नव्हे, तर पक्ष्याचे नाव नकोसे झाले. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे १९८१ साली असेच अभयारण्य झाले. संरक्षणामुळे तेथे काळवीट फार वाढले, पिकांची नासाडी होऊ लागली, आणि आपल्याच जमिनीवर बंधने आलेल्या शेतकऱ्यांचा राग वाढला. काही वर्षांत माळढोक तेथून नाहीसे झाले. कर्नाटकात राणेबेन्नूरची गोष्ट वेगळी: तेथे काळविटांचे अभयारण्य होते, माळढोकही होते, पण गवताळ जमिनीवर निलगिरीची लागवड झाली आणि माळढोकाला तेथे राहण्याजोगे काही उरले नाही.

करेरा येथे लोक दुखावले गेले आणि राणेबेन्नूरला झाडे लावली गेली. दोन्हींत हेतू चांगलाच होता. शिक्षकाने हे लक्षात घेणे जरूर आहे, कारण त्याच्या वर्गात बसलेली मुले त्या शेतकऱ्यांचीच आहेत. बापाच्या हरभऱ्यात रात्री काळवीट शिरले असता सकाळी मुलाला प्राणिमात्रांवर दया करण्याचा उपदेश करणे हे क्रूरपणाचे आहे. नुकसानभरपाईचा अर्ज कोठे व किती दिवसांत करावयाचा, पंचनामा कोण करतो, हे त्या मुलाला समजावून देणे हाही त्या दिवशीचा निसर्ग-अभ्यासच होय.

ह्याच माळांवरून एक प्राणी पूर्वी नाहीसा झालेला आहे, तो चित्ता. काळविटाचा वेग चित्त्याच्या पाठलागातून घडत गेला, असे मानतात. कोल्हापूरसारख्या संस्थानांत पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करीत, आणि पुढे पुढे त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली नामिबियातून काही चित्ते आणून मध्यप्रदेशात कुनो येथे सोडण्यात आले, त्यासाठी झालेला खर्च व यातायात सर्वांनी पाहिली. माळावरचे काळवीट मात्र आजही चित्त्याच्या वेगाने धावते. मागे कोणी नसताना.

आता त्या शंभर रोपांकडे परत आले पाहिजे. गुरुजींची अडचण खोटी नाही. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ ह्या चार वर्षांत पन्नास कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट होते. एकट्या २०१९ साली तेहतीस कोटींचे. अशा मोहिमेत शाळांना वाटा उचलावा लागतो, आणि झाडे लावण्यास विरोध करणारा मनुष्य विक्षिप्त ठरतो. येथे झाडांना विरोध मुळीच नाही. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात, विहिरीच्या कडेला, रस्त्याच्या दुतर्फा, शेताच्या बांधावर झाड पाहिजे; आणि ते कडुनिंब, वड, पिंपळ, चिंच, आंबा असे गावाच्या ओळखीचे असावे. प्रश्न आहे तो जागेचा. माळावर निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी भरभर वाढणारी झाडे दाट लावली म्हणजे गवतावर सावली पडते. उन्हावर जगणारी गवते विरळ होतात, त्यांच्याबरोबर टोळ जातात, टोळांबरोबर चंडोल व भोवत्या. उघड्या जागी चौफेर नजर ठेवून राहणारा माळढोक झाडांच्या दाटीत थांबत नाही. मेंढरांचा चाराही जातो. बरे, पाऊस कमी व माती उथळ असल्यामुळे कित्येक ठिकाणी झाडेही मरतात, आणि मागे राहतात ते नुसते खड्डे.

धनगराच्या मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर असे, की शंभर रोपांतील पंधरा आवारात लागतील, चाळीस पांदीच्या रस्त्याला व ओढ्याला लागतील, उरलेली मुलांच्या घरी परसात व बांधावर देता येतील, आणि अहवालात प्रत्येक रोपाची जागा लिहिता येईल. माळावर एकही नाही. अहवालाचा रकाना भरतो. फक्त थोडी अधिक पायपीट करावी लागते, आणि माळ का सोडला ह्याचे कारण दोन ओळींत लिहावे लागते. त्या दोन ओळी लिहिण्यास थोडे धैर्य लागते हे खरे. परंतु वरचे अधिकारीही ते कारण वाचून विचार करू शकतात, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.

माळाचा अभ्यास करण्यास उपकरणे लागत नाहीत. एक मीटर बाजूचा चौकोन होईल अशी सुतळी व चार खुंट्या पुरेत. तो चौकोन माळावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी मांडावा: जेथे चराई फार आहे तेथे, जेथे बेताची आहे तेथे, आणि पूर्वी झाडे लावलेल्या जागी, तशी असल्यास. प्रत्येकात गवताचे किती प्रकार आहेत, मोकळी माती किती, कीटक किती, हे मुलांनी लिहावे. गवताची नावे पुस्तकात शोधीत बसू नये. गावातील म्हाताऱ्या मेंढक्याला शाळेत बोलवावे. कोणते गवत जनावर आधी खाते, कोणते दुष्काळात उपयोगी पडते, कोणत्याचे कुसळ लोकरीत अडकते, हे तो सांगेल. आणि ज्याला शाळेने कधी गुरू म्हटले नाही त्याच्याकडून मुले शिकत आहेत, हे त्याच्या नातवाला दिसेल.

पाण्याचा एक प्रयोग दहा मिनिटांत होतो. दोन सारख्या पत्र्याच्या पाट्या घ्याव्यात व त्यांच्या एका कडेला भोक पाडावे. एकीत शाळेच्या कुंपणाजवळील गवत मुळांसकट मातीच्या ढेकळासह बसवावे, दुसरीत नुसती माती भरावी. दोन्ही सारख्या कलत्या ठेवून झारीने सारखेच पाणी घालावे आणि भोकातून येणारे पाणी भांड्यात धरावे. दोन्ही भांड्यांतील पाण्याचा रंग व माप मुलांनी वहीत लिहावे. माळावरून येणारा ओढा पावसानंतर गढूळ किती काळ वाहतो, हेही त्याच वहीत येऊ शकते.

काही पथ्ये पाळावी लागतात. विणीच्या दिवसांत मुलांचा मोठा जमाव माळावर नेऊ नये. पाचसहा मुले पुरेत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की जवळपास अंडी आहेत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. अंडे हातात घेऊ नये, त्याचे छायाचित्र काढण्यासाठी थांबू नये. गावातील मोकाट कुत्री मुलांच्या मागे माळावर येतात. त्यांना गावातच ठेवण्याची व्यवस्था आधी करावी, कारण जमिनीवरील घरट्यांचे फार मोठे नुकसान हीच कुत्री करतात. माळढोक दिसलाच, तर जागेचा बोभाटा न करता वनरक्षकास कळवावे.

मोजणी वर्षातून तीनदा करावी: पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी, आश्विनात आणि माघात. वही शाळेची असावी, मुलाची नव्हे, म्हणजे मुले पुढच्या वर्गात गेली आणि शिक्षकांची बदली झाली तरी ती कपाटात राहील. पहिल्या पानावर माळाचा हाताने काढलेला नकाशा असावा, आणि सुतळीचा चौकोन नेमका कोठे मांडला होता ते जवळच्या दगडावरून किंवा बोरीवरून किती पावले, असे लिहून ठेवावे. पुढे येणाऱ्या शिक्षकाला तो दगड सापडला पाहिजे.